दगडी पेटीच्या शेजारी

काकू दगडावर आधी टकटक करायच्या. उजव्या हाताची दोन बोटं दुमडून, ओळखीच्या घराचं दार वाजवावं तशी, हलकेच. मग कान जवळ न्यायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस? हा अजून भरीव आहे. आता हा शेजारचा ऐक. पोकळ झालाय. दोन हिवाळे काढेल, फार तर तीन."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. तरी मी मान हलवायचे.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये आमच्या वसाहतीला लागून एक जुनं चर्च आहे. पांढरं, लाकडी, फार मोठं नाही. त्याच्या मागे कबरस्तान. तिथले सर्वांत जुने दगड अमेरिका देश व्हायच्या आधीचे आहेत. तपकिरी वाळूचा दगड, वर पंख असलेला एक गोल चेहरा कोरलेला, खाली नाव. या दगडात पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि आतल्या आत पापुद्रे सुटत जातात. वरून अक्षरं शाबूत दिसतात. मग एखाद्या मार्चमध्ये सगळा चेहरा पापडासारखा गळून पडतो आणि ते माणूस कोण होतं हे जगात कुणालाच कळत नाही. काकूंची सगळी धडपड हा पापुद्रा गळायच्या आधी पोचायची असे.

टकटक करण्याची सवय त्यांची फक्त तिथलीच नव्हती. आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात कलिंगड घ्यायला गेलो तर त्या प्रत्येक फळ वाजवून, कान लावून बघत. दुकानातला गुजराती माणूस वैतागून म्हणाला होता, "मासी, घरी नेऊन वाजवा ना." काकूंनी त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

त्यांची माझी ओळख झाली ती एका ताटामुळे. मी तेव्हा नुकतीच इथे राहायला आले होते. काम घरूनच असायचं, त्यामुळे दुपारी जेवण झालं की पाय मोकळे करायला बाहेर पडायचे. एकदा कबरस्तानातून जाताना बघते तर सलवार-कमीजवर जाडजूड जॅकेट आणि डोक्याला कानटोपी घातलेल्या एक बाई गवतात गुडघे टेकून बसलेल्या, हातात आपलं स्टीलचं जेवणाचं ताट. मेलेल्यांना जेवायला वाढतायत की काय, असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

"फोनवर मराठीत भांडत होतीस ना आत्ता?" त्या मागे न बघताच म्हणाल्या. "मग इकडे ये आणि हे धर. थोडं डावीकडे. उन्हाचा पट्टा दगडावर आडवा पाड."

मी ताट धरलं. उन्हाची तिरीप दगडावरून आडवी गेली आणि नुसता खडबडीत वाटणारा पृष्ठभाग एकदम बोलायला लागला. कुणी सारा नावाची बाई, कुणाची तरी बायको, वय तेवीस.

"तेवीस," काकू म्हणाल्या. "लिही त्या वहीत."

बस्स, अशी ओळख झाली. नाव-गाव नंतर. त्या मूळच्या नाशिकच्या, नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. गावच्या लायब्ररीत तीस वर्षं काउंटरवर बसून निवृत्त झाल्या होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा निखिल ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. माझ्यासारख्या चार-पाच जणींच्या त्या काकू होत्या, पण हक्काने हाताखाली राबवलं ते मलाच.

त्या राबवण्याचे नियम कडक होते. फक्त पाणी आणि मऊ ब्रश. शेवाळ काढायला बांबूची काडी, लोखंडाला दगडाजवळ यायची बंदी. कबरस्तानाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रमुख वॉल्टर, निवृत्त शाळामास्तर, एकदा चांगल्या मनाने ब्लीचची बाटली घेऊन आले. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या गाडीच्या डिकीत टाकली. "दीज आर ओल्ड पीपल, वॉल्टर," त्या म्हणाल्या. वॉल्टर त्या दिवसापासून त्यांना ‘बॉस’ म्हणायला लागले.

मी भरभर ब्रश मारायला लागले की त्या म्हणत, "हळू गं. इथे घाई कुणाला आहे?" हे वाक्य त्या दिवसातून चार वेळा तरी म्हणत, आणि प्रत्येक वेळी स्वतःच थोडं हसत.

जुन्या लिखाणात इंग्रजी ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. काकू मुद्दाम तो ‘एफ’च वाचायच्या. ‘डिसीस्ड’ला, म्हणजे मृताला, ‘डिसीफ्ड’ म्हणायच्या. फोनवर कुणा जुन्या ओळखीच्या माणसाच्या जाण्याची बातमी देतानासुद्धा, "अगं, ते पाटील डिसीफ्ड झाले," असं म्हणून मग जीभ चावायच्या.

कबरस्तानाच्या मधोमध एक मोठी दगडी पेटी होती. चारी बाजूंना उभ्या फरशा, वर सहा फुटी जाड झाकण, झाकणावर भरगच्च लेख. कुणी एक न्यायाधीश, त्यांची बायको आणि लहानपणीच गेलेली त्यांची पाच मुलं. मी बरेच दिवस समजत होते की न्यायाधीश त्या पेटीतच आहेत. म्हणून मी तिच्यावर कधी पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली नाही.

"पेटी रिकामी असते गं," काकू म्हणाल्या. "माणूस खाली. वरचा नुसता मान."

ती पेटी खचत होती. एका बाजूच्या फरशा पोट सुटल्यासारख्या बाहेर आल्या होत्या आणि झाकणाला तडा गेला होता. काकूंनी तिच्या दुरुस्तीसाठी वॉल्टरचं डोकं तीन वर्षं खाल्लं. अर्ज लिहिले, फोटो काढले, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभेत उभं राहून बोलल्या. काम आटोपल्यावर थर्मासमधला चहा प्यायला त्या आपली घडीची खुर्ची त्या पेटीच्या दक्षिणेला मांडायच्या. मला वाटायचं, तिथे ऊन चांगलं येतं.

शेवटी दुरुस्ती मंजूर झाली. काकूंनी त्या दिवशी शिरा केला आणि वॉल्टरलाही डबा दिला.

काम सुरू व्हायचं त्या सकाळी साडेआठला मला वॉल्टरचा फोन आला. "तुझी आंटी खुर्ची टाकून बसलीय आणि उठत नाहीये. प्लीज, जरा येतेस?"

मी गेले. डेल नावाचा एक धिप्पाड, दाढीवाला गवंडी आपलं छोटं खणायचं यंत्र बंद करून बाजूला उभा होता. पेटीच्या चारी बाजूंनी दोन-अडीच फुटांवर गवतात नारिंगी रंगाची रेघ मारलेली. पेटी उतरवायची, रेघेपर्यंत खणायचं, खाली पक्का पाया घालायचा आणि पेटी परत उभी करायची, असा बेत होता. दक्षिणेकडच्या रेघेच्या आत काकू खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात.

"बॉस, तुम्हीच तर तीन वर्षं मागे लागला होतात," वॉल्टर म्हणत होते.

"तीन बाजूंनी खणा. या बाजूने नाही."

"पण का?"

माझा, खरं सांगते, संताप झाला होता. नऊ वाजता मला मीटिंग होती. मी मराठीत म्हणाले, "काकू, असं काय करताय? माणसं खोळंबलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी मराठीत सांगते," त्या म्हणाल्या. "तू त्यांना इंग्रजीत सांग. मला ते इंग्रजीत नाही सांगता यायचं."

तीस वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर बसलेली बाई हे म्हणत होती. मला काहीच कळेना. मी गवतावर त्यांच्या शेजारी बसले.

"इथे आमची मुलगी आहे."

त्या म्हणाल्या, "सांग त्यांना."

मी सांगितलं.

"निखिलच्या आधीची. नऊ दिवसांची होती."

सांगितलं.

"आपल्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. पण इथे कुठे पुरणार? येऊन वर्षही झालं नव्हतं. कुणाची ओळख नव्हती. ह्यांच्या ऑफिसातला एक माणूस ह्यांना इथल्या पाद्रीबुवांकडे घेऊन आला. चर्चचे सभासद नसलेल्यांना जागा द्यायची नाही, असा नियम होता. ते पाद्री म्हातारे होते. म्हणाले, न्यायाधीशसाहेबांची स्वतःची पाच लेकरं गेली होती, ते काही हरकत घ्यायचे नाहीत. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. जागा दिली."

मी एकेक वाक्य सांगत होते. डेलने टोपी काढून हातात घेतली होती. वॉल्टर खाली गवताकडे बघत होते.

"मी आले नव्हते. बाळंतीण होते ना. हे एकटेच घेऊन आले. घरी आल्यावर म्हणाले, पेटीच्या दक्षिणेला, दोन पावलांवर. दोन पावलं म्हणजे ह्यांची की माझी, ते मी कधी विचारलं नाही. परत तो विषय आम्ही काढलाच नाही."

हेही सांगितलं.

"मला दूध येत होतं," काकू म्हणाल्या.

हे मात्र माझ्याच्याने सांगवेना. मग काकू स्वतःच, वॉल्टरकडे न बघता म्हणाल्या, "आय हॅड मिल्क."

तिच्याबद्दल इंग्रजीतलं तेवढंच एक वाक्य त्या बोलल्या.

माझी नऊची मीटिंग कधीच सुरू होऊन गेली होती. खिशातला फोन थरथरत राहिला. मग डेल बोलला. त्याचं म्हणणं असं की पाया एका बाजूने सोडला तर पेटी पाच वर्षांत पुन्हा त्याच बाजूला झुकेल आणि तिच्यावरच पडेल. ‘तिच्यावरच’ असंच तो म्हणाला. तेव्हा त्या बाजूचं काम तो हाताने करील, यंत्र लावणार नाही. वरचं गवत सोलून बघेल. जमीन एकदा उकरलेली असली तर रंगावरून कळतं. "मॅडमनी इथेच बसावं. थांबा म्हणाल्या की मी थांबेन."

काकूंनी मान हलवली आणि खुर्ची रेघेबाहेर घेतली.

त्याने चपट्या फावड्याने गवताचे चौकोन उचलून बाजूला ठेवले. मग करणी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि काळी माती थराथराने खरवडायला लागला. एवढा थोराड माणूस, पण हात असा चालत होता की जणू झोपलेल्याचं पांघरूण सारखं करतोय. खाली पिवळसर, घट्ट माती लागली. तास गेला असेल. एके ठिकाणी त्याचा हात थांबला. त्याने तिथली भुरभुरीत माती वरून फुंकून काढली आणि मागे सरकला.

"मॅम," तो म्हणाला.

पिवळ्या मातीत एक काळसर चौकोन होता. नीट, सरळ कडांचा. हातभर लांब, वीत-दीड वीत रुंद. बाकी काही नाही. त्याच्याखाली जायचा प्रश्नच नव्हता.

काकू खुर्चीवरून उठल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसल्या आणि वाकून बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्या जिथे येऊन चहा पीत होत्या, तिथून ती जागा पाऊलभर बाजूला होती.

"एवढीशीच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाजूची माती ओंजळीने उचलली आणि त्यावर लोटायला सुरुवात केली. मी मदतीला हात पुढे केला तर माझा हात त्यांनी अलगद बाजूला केला. डेल आणि वॉल्टर चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसले होते. त्या बाजूचा पाया डेलने अरुंद घेतला, चौकोनाला न शिवता. पेटी आज सरळ उभी आहे.

त्या रविवारी काकूंनी मला घरी बोलावलं. "निखिलला फोन करायचाय. तू नुसती बस." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. निखिल इथे जन्मलेला. आई मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो, मधूनमधून चार शब्द मराठीचे. काकूंनी सगळं सांगितलं, बाजारहाट सांगावी तशा आवाजात. मग तो म्हणाला, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"कधी सांगायचं होतं रे?" काकू म्हणाल्या. "तुझ्या कुठल्या वाढदिवसाला?"



वॉल्टरने समितीत ठराव करून घेतला की तिथे एक लहानसा दगड लावायचा. नाव काय घालायचं तेवढं बॉसनी सांगावं. काकूंनी तीन आठवडे विचार केला. इतका वेळ त्यांना कुठल्याच गोष्टीला लागलेला मी बघितला नव्हता. मग एक दिवस ब्रश धुता धुता म्हणाल्या, "बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं. नाशिकहून हिच्या आत्याचं पत्र येणार होतं, त्यात नाव येणार होतं. नाव आत्यानेच ठेवायचं ना. पत्र आलं ते उशिरा. मी उघडलं नाही. ह्यांनी कुठे ठेवलं, ठाऊक नाही. आणि आत्याही गेली. आता मी कोण ठेवणार नाव?"

"काकू, तुम्ही आई आहात."

"हॉस्पिटलच्या कागदावर बेबी गर्ल लिहिलंय," त्या म्हणाल्या. "दगडावर तसं लिहायचं का?"

दगड लागला नाही. गवत पुन्हा सारखं वाढलं.

पुढच्याच हिवाळ्यात त्या घराच्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. निखिल आला, महिनाभर राहिला आणि त्यांना चँडलरला घेऊन गेला. घर विकलं. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना व्हीलचेअरवरून कबरस्तानात नेलं. बर्फ होतं, चाकं रुतत होती. पेटीपर्यंत जाता आलं नाही. फाटकापाशीच थांबलो. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तिला सवय आहे."

चँडलरहून त्यांचे फोन यायचे. "इथे घरापुढे गवत नाहीच गं, सगळ्यांच्या अंगणात दगडच दगड. पण वाचायला काही नाही त्यांच्यावर." इकडची थंडी विचारायच्या. अमुक दगड गेला का, तमुक अजून उभा आहे का. मी फोटो पाठवायचे. पेटीच्या दक्षिणेचा फोटो मी न सांगता पाठवायचे, त्या त्याबद्दल कधी काही बोलायच्या नाहीत. हळूहळू फोन आखूड झाले. दोन वर्षांनी, एका सकाळी निखिलचाच मेसेज आला.

अंत्यसंस्कार मी लॅपटॉपवर बघितले. चित्र मधेच अडकत होतं. वॉल्टर माझ्या शेजारी कोट घालून बसले होते. अस्थी नाशिकला, काकूंच्या धाकट्या भावाकडे गेल्या. तसं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आता माझ्या हातात ब्रश असतो, पण दगड वाजवला तरी मला अजून काही कळत नाही.

निखिल या एप्रिलमध्ये आला. न्यू जर्सीत ऑफिसचं काम होतं, म्हणाला. पण काम एका दिवसाचं होतं आणि तो तीन दिवस राहिला. मला त्याने फोन केला. "ताई, विल यू शो मी?" लहानपणापासून आईने वयाने मोठ्या मुलींना ताई म्हणायला शिकवलेलं, ते मराठी त्याने टिकवलं होतं.

आम्ही गेलो. चाळिशी ओलांडलेला, केस थोडे पिकलेला, चालण्यात थेट काकू. मी त्याला पेटी दाखवली. मग तिच्या दक्षिणेला गेले, डेलने मापून मला सांगितलं होतं तेवढ्या अंतरावर उभी राहिले आणि हाताने चौकोन दाखवला. "इथून इथपर्यंत."

तो बघत राहिला. हिरवंगार गवत होतं, बाकीच्या गवतासारखंच. मग त्याने विचारलं, "ताई, हर हेड... डोकं कुठल्या साइडला आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. त्या कबरस्तानातल्या सगळ्यांची डोकी पश्चिमेला आहेत, उगवतीकडे तोंड करून. पण तिला आत ठेवलं होतं तिच्या वडिलांनी. त्यांनी इथलं बघून ठेवलं, की आपल्याकडचं आठवून, की त्या घटकेला त्यांना दिशा सुचल्याच नाहीत, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. मी काकूंना विचारलं नव्हतं. काकूंनी काकांना विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही रे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "इट्स ओके. मला फक्त पायाशी बसायचं नव्हतं."

मग तो अंदाजाने मधोमध बसला, मांडी घालून, ऑफिसच्या पँटसकट ओल्या गवतात. एक तळहात जमिनीवर टेकवला. मी त्याला एकट्याला सोडून पेटीच्या पलीकडे गेले आणि उगाच एका दगडावरचं पान काढत उभी राहिले.

"ताई," मागून हाक आली.

"काय रे?" म्हणून मी वळले.

तो माझ्याकडे बघत नव्हता, तळहाताखालच्या गवताकडे बघत होता.